हत्तीला लागलेला हात

पाच वर्षे मी बुद्धिबळ खेळत होतो आणि त्या पाच वर्षांत एकाही सोंगटीला माझा हात लागला नव्हता. जुन्या वाचकांना हे विधान चमत्कारिक वाटेल. परंतु मोबाईलच्या काचेवर बोट फिरवून जग पालथे घालण्याच्या या दिवसांत त्यात काही नवल राहिलेले नाही. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. उरण-पनवेल मार्गावरच्या आमच्या जासईतून रात्रंदिवस धडधडत जाणाऱ्या ट्रेलरची रांग विरळ झाली. मी ज्या कंटेनर यार्डात गेटवर नोंदी करण्याचे काम करतो, तेथल्या पाळ्या निम्म्यावर आल्या. घरात बसून भिंतींशी किती बोलणार? एके रात्री मुलीने माझ्या मोबाईलवर बुद्धिबळाचा खेळ उतरवून दिला आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला येतं ना हे? खेळा की."

येत होते, म्हणजे लहानपणी येत होते. माझ्या वडिलांनी, बाबांनी, ते आम्हां दोघा भावांना शिकवले होते. गावच्या सुताराकडून त्यांनी सागाच्या फळीवर चौसष्ट घरे कोरून घेतली होती आणि काळी घरे काजळाने माखली होती. पावसाळ्यात लावणी आटोपली की ओटीवर हा पट मांडला जाई. बाबा घोड्याला 'घोरा' म्हणत; आम्हां आगऱ्यांच्या तोंडी 'ड'चा 'र' होतो, त्याला इलाज नाही. त्यांचा खेळ देशी रीतीचा. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट त्यांना ठाऊक नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो ही उडी नेहमी राखून ठेवी आणि मी ती पाचव्या-सहाव्या चालीलाच खर्चून बसे.

१९८४ च्या जानेवारीत मी दहा वर्षांचा होतो. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी उरण परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. मोठी माणसे पहाटेच घरातून गेली होती. आम्ही मुले आणि बायका दाराला कडी घालून बसलो होतो. आईला धीर यावा म्हणून असेल किंवा स्वतःला यावा म्हणून, दादाने मला पट मांडायला लावले. तो डाव पुरा झाला की नाही, ते मला आठवत नाही. पुढे १९८९ साली बंदर सुरू झाले, आमची भाताची खाचरे भरावाखाली गेली आणि त्या लढ्यातून साकारलेल्या साडेबारा टक्के योजनेत गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मिळण्याचा हक्क आमच्या घरालाही आला. बाबा २००३ साली गेले. भूखंडाचे काय करावे यावरून २०११ साली आमच्या ओटीवर एक बैठक झाली आणि तिच्यातून मी मध्येच उठून बाहेर पडलो. चूक कोणाची होती हे मी येथे लिहीत नाही. दादाला ही बाजू मांडायला येथे जागा नाही. इतकेच सांगतो की, त्यानंतर चौदा वर्षे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर राहून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सागाचा पट दादाकडे राहिला.

तर मी काचेवरच्या पटाकडे वळलो. त्या खेळाची मोहिनी मोठी आहे, हे मान्य केले पाहिजे. रात्री दोन वाजताही समोर कोणी ना कोणी हजर असतो. आज ब्राझीलचा, उद्या पोलंडचा. त्याचे एक टोपणनाव दिसते, शेजारी चिमुकला ध्वज, आणि त्याच्या बळाचा एक आकडा. चेहरा नाही, श्वास नाही, खोकला नाही. किल्लेकोट करायचा तर राजावर बोट ठेवून त्याला दोन घरे सरकवावे. हत्ती आपण होऊन उडी मारून त्याच्या पलीकडे जाऊन बसतो. नियमबाह्य चाल तेथे होऊच शकत नाही, यंत्र ती स्वीकारत नाही. माझा आकडा हळूहळू चौदाशेच्या घरात गेला आणि मी मनातल्या मनात स्वतःला खेळाडू म्हणवून घेऊ लागलो.

एक वाईट खोडही जडली, ती कबूल करतो. डाव हातचा जातोय असे दिसले की मी हार मान्य करीत नसे. खेळ बंद करून मोबाईल उशाशी ठेवून देई. समोरचा कोणी परदेशातला माणूस माझे घड्याळ संपेपर्यंत रिकाम्या पडद्याकडे पाहत बसत असेल, हा विचार कधी मनाला शिवला नाही. दोनदा ताकीद आली. मी ती वाचली आणि पुसून टाकली.

तार तुटली की डाव जातो, हे मात्र थोरांच्याही वाट्याला आले. २०२० च्या ऑगस्टमध्ये बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच इंटरनेटवरून झाले. भारतीय संघाचे कर्णधार होते नाशिकचे विदित गुजराथी. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत संपर्क तुटला आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळेअभावी गेले. भारताने दाद मागितली आणि अखेर दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. त्याच दिव्याने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर आईला मिठी मारून रडणारी ती एकोणीस वर्षांची मुलगी आम्ही घरी मोबाईलवरच पाहिली. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पण एकदा खऱ्या पटावर खेळून बघा ना." पनवेलला एका शाळेच्या सभागृहात ऑगस्टमधल्या एका रविवारी एक दिवसाची स्पर्धा होती. सात फेऱ्या, प्रत्येकाला पंधरा मिनिटे आणि दर चालीमागे दहा सेकंद जादा. वयाची अट नाही. तिने माझे नाव घातले.

सरावाला पट हवा होता. पनवेलच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळाला असता. मी आणला नाही. 'खेळ तर तोच आहे,' असे मी मुलीला म्हणालो. खरे कारण वेगळे होते. पट म्हटला की डोळ्यांसमोर एकच पट येई, आणि तो मागायला जाण्याची माझी तयारी नव्हती.

सभागृहात पाऊल टाकले तेव्हा पहिली जाणीव झाली ती आवाजाची. शे-दीडशे माणसे, त्यांतली बहुतेक शाळकरी मुले, बाकांच्या रांगांवर समोरासमोर बसलेली. कुजबुज, खुर्च्यांची खरखर, पाण्याच्या बाटल्या, बाहेर पावसाची सर. मोबाईल बंद करून पिशवीत टाकायचा आणि पिशवी भिंतीशी ठेवायची. खिसा हलका लागू लागला, जणू काही हरवून आलो. मग पंचांनी हात करून घड्याळे सुरू करण्यास सांगितले आणि ती सगळी गजबज एका क्षणात विझली. इतकी माणसे एकत्र बसून इतकी शांत राहू शकतात, हे मी फक्त प्रार्थनेच्या वेळी पाहिले होते.

माझ्यासमोर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी होती. दोन वेण्या, पाय जमिनीला न टेकणारे. तिने हात पुढे केला तेव्हा ती काही मागते आहे की काय, असे मला क्षणभर वाटले. ती हस्तांदोलन करीत होती. मी गडबडीने तिचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. म्हणजे तीही घाबरली होती! पाच वर्षांत हजारो डाव खेळलो असेन, परंतु समोरचाही घाबरलेला असतो हे मला त्या दिवशी प्रथम कळले. (येथे एक आठवण नोंदवतो. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गदारोळ उठला होता. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना स्त्रियांना असे अडवता येणार नाही, असा निर्वाळा द्यावा लागला. आता वेण्यांवाली मुलगी पन्नाशीच्या गृहस्थासमोर बसते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.)

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. मी माझा नेहमीचा स्पॅनिश डाव मांडला. सोळाव्या शतकातला स्पेनचा धर्मगुरू रुय लोपेझ याच्या नावाने तो ओळखला जातो. तिसऱ्या चालीला उंट बाहेर काढून शत्रूच्या घोड्यावर नजर रोखायची, हे त्याचे मर्म. इंग्रज ज्या सोंगटीला बिशप म्हणतात, तिचा आपण उंट केला आहे. या त्रैमासिकाच्या वाचकांनी राग मानू नये. या सत्पुरुषाने १५६१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात एक सल्ला दिला आहे : पट असा मांडावा की ऊन प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर यावे! हे वाचून मी पूर्वी हसलो होतो. त्या सकाळी मात्र त्याचे म्हणणे समजले. कारण लाकडी पट हा सपाट नसतोच. जवळची प्यादी मोठी दिसतात, पलीकडचा हत्ती वजिराच्या आड लपतो, तिरप्या रेषा दिसेनाशा होतात. काचेवर जे चित्र मी वरून देवासारखा पाहत असे, ते आता शेतात उभे राहून शेत पाहावे तसे दिसत होते. कर्ण शोधायला मान वाकडी करावी लागे. चाल केल्यावर घड्याळाची कळ दाबायची, तीही चाल केलेल्याच हाताने, हे तर मी दोनदा विसरलो. तिने दुसऱ्यांदा हळूच बोटाने घड्याळाकडे खूण केली. माझी वेळ वाया जात होती. तिला गप्प राहता आले असते.

पाचवी चाल किल्लेकोटाची. उंट आणि घोडा हलून गेले होते, राजा आणि हत्ती यांच्यामधली वाट मोकळी होती. बोटाने हजारो वेळा केलेली ती चाल हाताने करण्याची ही पहिली वेळ. आधी कोणाला उचलायचे? मी हत्ती उचलला, राजाच्या शेजारी टेकवला आणि राजाकडे हात नेला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही हत्तीला आधी हात लावलात."

तिने हात वर केला. पंच आले. त्यांनी शांतपणे विचारले आणि मी खरे ते सांगितले. ज्या सोंगटीला हात लागला तीच चालवली पाहिजे, हा या खेळाचा मूळ कायदा आहे. किल्लेकोटात राजाला आधी हात लावावा लागतो. हत्तीला आधी लावला, तर त्या बाजूला किल्लेकोट होत नाही. हत्तीचीच चाल करावी लागते. हा कायदा लहानथोर पाहत नाही, असे म्हणतात. १९९४ साली लिनारेस येथे जगज्जेता कास्पारोव्ह याने सतरा वर्षांच्या युदित पोल्गारविरुद्ध घोडा ठेवून क्षणाच्या अंशासाठी हात काढला आणि मग तो दुसऱ्या घरी नेला. चित्रफितीत ते नंतर स्पष्ट दिसले, पण त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही आणि डाव त्याने जिंकला. म्हणजे लहानथोर कधी कधी पाहिले जातेच. असो. माझ्यासाठी पंच हजर होते. हत्ती राजाशेजारीच राहिला, आणि माझा राजा पटाच्या मधोमध उघडा.

कान तापले. आजूबाजूच्या दोन-तीन पटांवरची मुले आमच्याकडे पाहत होती. नेहमीच्या सवयीने मला वाटले, आता खेळ बंद करावा. हात खिशाकडे गेलाही. तेथे मोबाईल नव्हता आणि समोर ती बसलेली होती. उठून गेलो असतो तर कोणी अडवले नसते. परंतु तिच्या तोंडावरून उठून जाणे मला जमेना. २०११ साली दादाच्या तोंडावरून कसा उठून गेलो होतो, हे त्या भलत्याच क्षणी आठवले. पुढच्या चाली मी खेळलो, पण त्या खेळणाऱ्याच्या नव्हत्या. मन त्या हत्तीवरच अडकले होते. तिसाव्या चालीच्या आसपास मात झाली.

तिने पुन्हा हात पुढे केला. मी उठणार, तोच ती सोंगट्या पुन्हा मांडू लागली. "काका, बघू या का कुठे चुकलं ते? बाहेरच्या व्हरांड्यात पट आहे." डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा पाहायचा, ही या खेळाची जुनी रीत आहे, मला ती ऐकूनही ठाऊक नव्हती. व्हरांड्यात तिची आई डबा घेऊन बसली होती. मुलीने पहिल्यापासून सगळ्या चाली, माझ्या आणि स्वतःच्या, न अडखळता मांडत नेल्या. कागदावर काही लिहिलेले नव्हते. मला माझी एकही चाल धड आठवत नव्हती. पाच वर्षे माझी स्मृती मोबाईलच सांभाळत होता.

"हत्तीमुळे गेला डाव," मी म्हणालो.

"नाही काका. हत्तीमुळे थोडंच बिघडलं होतं. इथे बघा." ती तेराव्या चालीपाशी थांबली. "इथे तुम्हांला वजिराच्या बाजूला किल्लेकोट करता येत होता. तुमचा राजा हललाच नव्हता. मी घाबरले होते, आता करतील म्हणून. तुम्ही केलाच नाही."

मी पटाकडे पाहत राहिलो. नियम मला माहीत होता. एका बाजूचा किल्लेकोट गेला तरी दुसऱ्या बाजूचा हक्क राहतो. राजा आणि तो दुसरा हत्ती जागचे हललेले नसले म्हणजे झाले. आठ चाली ती वाट माझ्यासमोर मोकळी होत गेली होती आणि मी तिकडे एकदाही पाहिले नव्हते.

उरलेल्या सहा फेऱ्यांचे वर्णन करून वाचकांना शिणवत नाही. एक जिंकलो, एक बरोबरीत सुटला, चार हरलो. जिंकलो तो डाव एका निवृत्त गृहस्थांशी होता. हरल्यावर त्यांनी मला चहा पाजला. संध्याकाळी बसने परतताना गव्हाण फाट्यापाशी वाहतूक तुंबली. अटल सेतूच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांचे दिवे पावसात लांबवर पसरले होते. घरी पोचलो तो साडेआठ वाजले होते. मी घरात शिरलो नाही.

दादाच्या ओटीवर दिवा होता. वहिनींनी मला पाहिले आणि काही न बोलता आत गेल्या. दादा वर्तमानपत्र वाचत होता. केस पार पांढरे झालेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रस्त्यावरून जातायेता मी त्याला रोज पाहत होतो म्हणा, पण ते पाहणे नव्हे.

"दादा, बाबांचा पट आहे का रे?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ. मग म्हणाला, "आहे. कशाला?"

"असाच."

तो उठला. माळ्यावर चढण्याचे आता त्याचे वय नव्हते. मी शिडी धरली. पट जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. काजळ बऱ्याच ठिकाणी उडाले होते. पांढऱ्याचे एक प्यादे हरवले होते. त्या जागी दादाने चिंचोका ठेवला. चहा आला. भूखंडाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो विषय संपला आहे असे नव्हे. कागद अजून तसेच आहेत.

मी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. दादाने ते उचलून एक घर मागे ठेवले. "बाबांच्या रीतीने खेळायचं," तो म्हणाला.

घड्याळ नव्हते. बाहेर ट्रेलर जात होते आणि त्यांच्या धडधडीने सोंगट्या जागच्या जागी किंचित थरथरत. मी विचार करकरून खेळत होतो. त्याचा वजीर मी कोंडला, त्याच्या राजाभोवतीची घरे एकेक करून बंद केली आणि पुढच्या चालीला मात होणार म्हणून मागे टेकून बसलो. दादाने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरे उडवून माझ्या प्याद्यांच्या आड नेऊन ठेवला.

ती उडी मी विसरून गेलो होतो.

"चाल तुझी," दादा म्हणाला.